फायरप्लेसभोवतीचा चुन्याचा गिलावा पुन्हा पुन्हा का सुटतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला कवेलूच्या (कौलांच्या) छताचा जुना बंगला, बैठकीच्या खोलीत विटांची फायरप्लेस. तोंडाभोवतीचा चुन्याचा गिलावा फुगतोय, हात लावला की भुकटी गळते. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीने खालच्या भागात सिमेंटची छपाई, म्हणजे सिमेंटचा गिलावा, करून दिली, आता तीही पाटीसारखी सुटून आली. वर छताजवळ पिवळट-तपकिरी डाग, आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेलेली. एक जण सांगतो सगळं काढून सिमेंट करा, दुसरा म्हणतो वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारा. तुम्हाला येत्या डिसेंबरात तिथे लाकडं पेटवायची आहेत.

या दोन्ही सल्ल्यांत एकच चूक आहे. दोघेही गिलाव्याला रोगी समजतात. गिलावा सहसा आपणहून मरत नाही, त्याला मागून काहीतरी ढकलत असतं. फायरप्लेसजवळ ढकलणाऱ्या चार गोष्टी असतात: पाणी, क्षार, हालचाल आणि आच. लोकांना वाटतं आच सगळ्यात वाईट. माझा अनुभव उलटा आहे. नागपुरात वर्षातले जेमतेम दोन महिने शेकोटी लागते, पण धुराड्यातून पाणी पावसाळ्याचे चारही महिने उतरतं. म्हणून थापी उचलण्याआधी यातलं काय किती आहे, ते ओळखा.

तपकिरी डागापासून सुरुवात करा. छतावर चढून पाहा (कवेलूवर थेट पाय देऊ नका, शिडी आडवी टाकून तिच्यावरून जा). धुराडं कवेलूतून बाहेर पडतं तिथल्या सांध्यात चुन्याची किंवा पत्र्याची पट्टी असायला हवी. बहुतेक घरांत ती कधीच फुटून गेलेली असते आणि वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस सरळ विटांत मुरतो. पण सांधा धड असूनही दमट हवेत डाग ओला दिसत असेल, तर ते काजळीतले क्षार आहेत. लाकूड आणि कोळसा जळताना निघालेले सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट वर्षानुवर्षं विटांत साठतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. अशा डागावर कोणताही रंग टिकत नाही. धुराड्याचं तोंड वरून लादीने बंद केलेलं असेल तर आतली दमट हवा कोंडते, डाग वाढतो. वर पाऊस अडेल पण हवा जाईल अशी टोपी हवी, आणि खाली तोंडाशी हवा यायला वाट हवी.

भेगेचं वेगळं आहे. पश्चिम नागपूरच्या बऱ्याच भागात पायाखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मेमध्ये रुंद होणारी आणि सप्टेंबरात मिटणारी भेग गिलाव्याने बुजणार नाही. भेगेवर दोन्ही बाजूंना पेन्सिलने आडव्या खुणा करा, त्यांतलं अंतर मोजून तारीख लिहा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. अंतर एक मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल, तर त्या पट्ट्यातलं काम वर्षभर थांबवा आणि पाया पाहायला माणूस बोलवा. भेग हलत नसेल आणि नेमकी तोंडावरच्या लोखंडी पट्टीच्या टोकापासून निघत असेल, तर पट्टी गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि विटा उचलतो. तिथला गिलावा काढून पट्टी उघडी करा, तारेच्या ब्रशने घासा. थोडीच गंजली असेल तर गंजरोधक रंग द्या, पापुद्रे सुटत असतील तर बदला.

गिलावा किती काढायचा, हे बोटांनी ठरवा. मधल्या बोटाच्या सांध्याने दर वीतभर ठोका. भरीव आवाज येतो तिथला ठेवा, बद्द आवाज येतो तिथे खडूने घेर काढा. ‘सगळं खरवडा’ हा सल्ला मी कधीच देत नाही. शंभर वर्षं धरून राहिलेला गिलावा नव्यापेक्षा बहुतेक वेळा चांगलाच असतो. सिमेंटची छपाई मात्र सगळी काढा, पण ब्रेकर लावून नाही. छोटी छन्नी, हलका हातोडा, कडेकडेने. जुनी वीट सिमेंटपेक्षा मऊ असते, त्यामुळे जोर केला की विटेचा चेहराच सिमेंटला चिकटून येतो. एखादा तुकडा विटेसकटच निघणार असं दिसलं तर तो तसाच राहू द्या, कडा तेवढ्या निमुळत्या करा. काढलेल्या भागातल्या दरजा (विटांमधले सांधे) २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा. विटेवर पांढरा लोणा (क्षारांची पूड) फुटला असेल तर आधी कोरडाच झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुतला तर तो परत आत जातो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा सँडपेपर मारू नका, नाकावर चांगला मास्क ठेवा. तोंडाच्या लोखंडी चौकटीभोवती करडी, दोरीसारखी किंवा पुठ्ठ्यासारखी भरण दिसली तर ती अॅस्बेस्टॉस असू शकते. तिला हात न लावता जाणकाराकडून काढून घ्या.

सिमेंट इथे का सुटलं, ते समजून घ्या, कारण मिस्त्रीशी वाद इथेच होणार आहे. सिमेंट ताठ असतं. विटांची भिंत तापली-निवली की थोडी सरकते, चुना तिच्यासोबत सरकतो, सिमेंट सरकत नाही आणि जोडच तुटतो. शिवाय धुराड्यातून उतरलेली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती त्याच्या मागेच क्षारांसकट साठते. सुकताना क्षारांचे स्फटिक तयार होतात आणि तेच आतून छपाईला ढकलतात. काजळीतले सल्फेट सिमेंटशी प्रक्रिया करून त्याला फुगवतात, हे आणखी वेगळं. केमिकलचा थरही हेच करतो, फक्त पातळ असल्यामुळे आधी फुगे येतात. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे जिप्सम) तर मुळीच नको. जिप्समच्या बांधणीतलं पाणी शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे उडायला लागतं आणि त्याची भुकटी होते.

आता जागेचे तीन भाग मनात धरा, कारण एकच मसाला सगळीकडे चालत नाही. जिथे ज्वाला विटेला लागते, तो आतला चुल्हाणाचा भाग. तिथे चुना वापरू नका. फायर क्लेच्या (आच सोसणाऱ्या मातीच्या) पातळ सांध्यांत फायर ब्रिक, म्हणजे त्याच मातीची वीट, बसवा. बाजारात आयएस-८ (भारतीय मानक) छापाच्या विटा सहज मिळतात आणि घरगुती लाकडाला त्या पुरून उरतात. सांधा तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. दुसरा भाग तोंडाच्या कडेचा, साधारण १५ सेंटिमीटरचा पट्टा. इथे चुना आणि सुरखी (विटेची पूड). तिसरा म्हणजे त्यापलीकडची भिंत, तिथे साधा चुन्याचा गिलावा. आतल्या अस्तराच्या विटा आणि बाहेरचा गिलावा एकमेकांना चिकटू देऊ नका. मध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवून तिच्यात सिरॅमिक फायबरची दोरी दाबा. अस्तर तापून फुगतं, गिलावा तेवढा फुगत नाही, आणि ही फट नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात तोंडाभोवती केसासारख्या भेगांचं जाळं दिसतं. बहुतेक मिस्त्री फट ‘वाईट दिसते’ म्हणून बुजवून टाकतात. समोर उभं राहून ती ठेवून घ्या.

चुना कुठला? दुकानात ‘पुट्टी द्या’ म्हणालात तर व्हाइट सिमेंटची वॉल पुट्टी मिळेल, ती आपल्या कामाची नाही. तुम्हाला कळीचा चुना हवा, म्हणजे भट्टीतून भाजून निघालेले ढेकूळ. नागपूरला तो कटनीकडून येतो, वणी-राजूर भागातल्या भट्ट्यांचाही मिळतो. ढेकूळ हलके, कडक आणि एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत वाजणारे घ्या. हाताला भुसभुशीत लागणारा, कडेने पीठ झालेला चुना हवेतल्या ओलीनेच विरून (पाणी शोषून फुटून) गेलेला असतो, तो परत करा. पिशवीतली विरलेल्या चुन्याची भुकटी वापरायचीच असेल तर ताजी घ्या आणि निदान २४ तास पाण्यात भिजवा. माझा कल मात्र ढेकळांकडेच आहे, कारण ढेकळं पाण्यात विरवून मुरवलेल्या लगद्याचा चिकटपणा भुकटीला येत नाही.

तुमच्या वर्णनावरून अंदाज करतो की उघडी होणारी जागा सुमारे चार चौरस मीटर असेल. २० मिलिमीटर जाडीला ८० लिटर मसाला, खड्डे-दरजा धरून १०० लिटर. त्यासाठी चुन्याचा लगदा साधारण ३५ लिटर लागेल. २० किलो ढेकळांतून गाळून ४० लिटरच्या आसपास लगदा निघतो, म्हणजे थोडा हाताशी उरेल. विरवायला लोखंडी ड्रम घ्या. प्लॅस्टिक वितळतं, अॅल्युमिनियमशी चुन्याची प्रक्रिया होते. आधी ६० लिटर पाणी, मग त्यात थोडेथोडे ढेकूळ. उलटं करू नका: चुन्यावर पाणी ओतलं की ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल, हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मुलं आवाराबाहेर. डोळ्यात शिंतोडा गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटं धुवा आणि तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चुना डोळा भाजतो आणि ते नुकसान भरून येत नाही. उकळी शमल्यावर काठीने ढवळा, बारीक जाळीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाका. निदान पंधरा दिवस, जमलं तर दोन-तीन महिने मुरू द्या. न विरलेला कण गिलाव्यात गेला तर तो महिन्यांनी भिंतीत विरतो, फुगतो आणि नाण्याएवढी खपली उडवतो. तिच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतो, त्यावरून कारण ओळखता येतं.

रेती कन्हानची चालेल, नव्हे चांगलीच, पण धुऊन. मुठीत ओली रेती दाबून हात उघडा. तळव्यावर मातीचा लेप राहिला तर आणखी धुवा. रेती आणि चुन्याचं प्रमाण पुस्तकातून घेण्याऐवजी मोजा: एक लिटरचं माप कोरड्या रेतीने काठोकाठ भरा, मग मोजून पाणी ओता, ते काठाशी येईपर्यंत. साधारण ३३० मिलिलिटर मावलं तर रेतीत एक तृतीयांश पोकळी आहे, ती भरायला एक भाग लगद्याला तीन भाग रेती. पाणी ४०० मावलं तर एकाला अडीच. चुना पोकळी भरतो म्हणून मसाल्याचं आकारमान जवळपास रेतीएवढंच राहतं, आणि वरचा ३५ लिटरचा हिशोब याच तत्त्वावर आहे.

तोंडाच्या कडेच्या पट्ट्यासाठी एक भाग लगदा, एक भाग सुरखी, दोन भाग रेती. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीच्या विटेची पूड. तिच्यातली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी प्रक्रिया करतात, म्हणून ती हवा न पोचणाऱ्या खोल दरजांतही मसाला धरवते. शिवाय ती आधीच भाजलेली असल्यामुळे आचेने पुन्हा हलत नाही. रेतीतला क्वार्ट्झ ५७३ अंशांना अचानक फुगतो. तुमच्या बाहेरच्या पट्ट्यापर्यंत इतकी आच येत नाही, तरी तोंडाच्या अगदी कडेला मी रेतीऐवजी विटेची बारीक चूरच जास्त घालतो. सुरखीची वीट मातीची, नीट पण मंद भाजलेली असावी. काळीनिळी, काचेसारखी झालेली वीट निष्क्रिय असते. कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा आता शहरात सगळीकडे आहेत, त्या दळू नका, त्यांत बहुधा सिमेंट असतं. गूळ, बेलफळ, हिरडा यांबद्दल बरेच जण विचारतात. जुन्या कामांत ते घातलेले असत आणि त्यांचा उपयोगही होतो, पण प्रमाण जागेवर ठरवावं लागतं. पहिल्यांदा काम करणाऱ्याने हे न घालता करावं.

भेगा आवरायला मसाल्यात ताग घालतात. बोटाएवढे, तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे कापून हाताने पिंजून घ्या, १०० लिटरला साधारण अर्धा किलो. पण तोंडाच्या १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात ताग नको, तो तिथे करपतो.

कामाच्या आदल्या संध्याकाळी भिंत चांगली भिजवा, सकाळी पुन्हा एकदा. विटेवर ओल हवी, पाण्याची चमक नको. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी एका मिनिटात ओढून घेते आणि चुना धरण्याआधीच सुकतो. आधी दरजा भरा. मसाला भाकरीच्या पिठाएवढा घट्ट, अरुंद पट्टीने आतपर्यंत दाबून. जो मसाला थापीवरून घसरतो तो जास्त ओला आहे, त्याला भेग पडणारच. दोन-तीन दिवसांनी पहिला थर, १० ते १२ मिलिमीटरच. त्यापेक्षा जाड थर आत ओला राहतो आणि वर आक्रसतो. थर थोडा घट्ट झाला की त्यावर जाळीसारखे ओरखडे काढा. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसल्या तर घाबरू नका. पाणी शिंपडून लाकडी रंध्याने (गिलावा सपाट करायच्या फळीने) दाबून घ्या. चुन्याचा हा मोठा गुण आहे, तो दुसरी संधी देतो. नखाने कोरल्यावर पुसट रेघ उमटेल पण नख रुतणार नाही, तेव्हा दुसरा थर द्या. साधारण आठ-दहा दिवस लागतात. दुसरा थर आठ मिलिमीटरचा, त्यावर दोन-तीन मिलिमीटर नीरू, म्हणजे बारीक गाळलेला लगदा आणि बारीक चाळलेली रेती समप्रमाणात, लोखंडी थापीने घोटून. जुन्या गिलाव्याला जिथे नवा भिडतो तिथे जुन्याची कडा आतल्या बाजूला तिरपी कापून घ्या, म्हणजे नवा तिच्याखाली अडकून बसतो.

आता नागपूरच्या हवेचा प्रश्न. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून होतो, आणि त्याला ओल लागते. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत, कूलरच्या वाऱ्यात, गिलावा चार तासांत वाळतो आणि पुढे त्याची भुकटीच राहते. तुमच्या जुन्या गिलाव्याला नव्हे, पण शहरातल्या अनेक नव्या ‘चुन्याच्या कामांना’ याच कारणाने बदनामी मिळाली. दहा-बारा दिवस भिंतीपासून थोडं दूर ओलं गोणपाट टांगा, दिवसातून तीन-चार वेळा फवारा मारा, पंखा बंद ठेवा. पाइपने पाणी मारू नका, चुना धुपतो. आतपर्यंत धरलं की नाही हे पाहायचं असेल तर न दिसणाऱ्या जागी छोटी खपली काढून तिच्यावर फिनॉल्फथॅलिनचा (कच्च्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) थेंब टाका. गुलाबी झालं तर तो भाग अजून कच्चा आहे. चुना धरण्याची क्रिया साधारण महिन्याला एखादा मिलिमीटर आत सरकते, त्यामुळे पूर्ण जाडीची वाट पाहत बसायचं नाही.

वरून रंग फक्त चुन्याचा. दुधाएवढा पातळ, चार-पाच हात, दोन हातांमध्ये एका दिवसाचं अंतर. प्लॅस्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट लावलात तर वरची सगळी मेहनत कोंडून टाकाल. तपकिरी डागाच्या जागी पहिल्या वर्षी फक्त गिलावा ठेवा, रंग देऊ नका. क्षार त्या गिलाव्यात येऊन साठतील. तेवढा पट्टा पुढच्या वर्षी काढून नवा केला की डाग बराच उतरतो. गिलावा तिथे मुद्दाम खर्ची घालायचा असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता तुमचा डिसेंबर. या पावसाळ्यात छतावरचा सांधा आणि धुराड्याची टोपी करून घ्या, सिमेंट काढा, चुना विरवून झाकून ठेवा. भिंत सप्टेंबरभर उघडी राहून सुकू द्या. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दरजा आणि पहिला थर, तिसऱ्या आठवड्यात दुसरा, महिनाअखेरीस नीरू. दिवाळीआधी संपवा म्हणून मिस्त्रीवर दडपण आणू नका. दोन थर एका आठवड्यात बसवायला तो मसाल्यात गुपचूप सिमेंट मिसळेल, आणि ते मिसळलेलं लवकर कळतही नाही. नीरूनंतरचे दहा-बारा दिवस ओल ठेवा, मग नोव्हेंबरभर भिंतीला नुसतं सुकू द्या. पेटवण्याआधी धुराडं झाडून घ्या आणि धूर नीट वर जातो का ते पाहा. पाखरांचं घरटं किंवा मधमाश्यांचं पोळं अडकलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला जाळ कागद आणि काड्यांचा, १५ मिनिटं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास, मग एक दिवस थांबा. तोंडाच्या कडेला हात ठेवून पाहा. तळवा तिथे टेकवून ठेवता आला पाहिजे. पाचव्या-सहाव्या जाळाला दोन मनगटाएवढी लाकडं. कडेला ओलसर डाग उठला तर आत पाणी अजून आहे, आठवडाभर थांबून पुन्हा काड्यांपासून सुरू करा. भरभरून शेकोटी जानेवारीतच, आणि तेव्हाही बाभळीची वाळलेली लाकडं, ओली नको.